मुलांमधलं बुलिंग : पालक, शिक्षक आणि मुलांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुलिंग नेमकं कशाला म्हणायचं?

स्वीडनमध्ये जन्मलेले आणि नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकात या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. त्यांनी सांगितलेली तीन लक्षणं आजही बहुतेक ठिकाणी वापरली जातात. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो, आणि ज्याला तो होतो त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जाईल इतका दोन्ही बाजूंच्या ताकदीत फरक असतो.

यातलं तिसरं लक्षण सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत जास्त वेळा नजरेतून सुटणारं. ताकद म्हणजे फक्त दंडातली ताकद नव्हे. एका बाजूला पाच जण आणि दुसऱ्या बाजूला एकटं मूल, ही ताकद झाली. वर्गात सगळ्यांना हवंहवंसं असणं, वयाने दोन वर्षं मोठं असणं, कुणाचं तरी गुपित माहीत असणं, कुणाचा तरी फोटो आपल्या मोबाइलमध्ये असणं, हीसुद्धा ताकदच. म्हणून अंगाने धिप्पाड मुलाचाही छळ होऊ शकतो आणि तो करणारी मुलगी वर्गातली सगळ्यांत किरकोळ अंगाची असू शकते.

चेष्टामस्करी कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो?

तीन गोष्टी तपासा. चेष्टा दोन्ही बाजूंनी होते का, की नेहमी एकाचीच? ‘पुरे’ म्हटल्यावर थांबते का? आणि ज्याची चेष्टा झाली तो नंतर त्याच मुलांमध्ये स्वतःहून जाऊन बसतो का? मित्रांच्या चेष्टेत आज याची पाळी, उद्या त्याची. छळात पाळी बदलत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. त्रास होणारं मूल बऱ्याचदा हसत असतं. ग्रुपमध्ये टिकून राहण्यासाठी ते स्वतःवरचा विनोद स्वतःच पुढे नेतं, स्वतःला दिलेलं टोपणनाव स्वतःच वापरतं. ‘तोही हसत होता’ यावरून काहीच सिद्ध होत नाही.

एकदाच घडलं, तर ते बुलिंग नाही का?

नोंदीपुरतं कदाचित नसेल. सर्वेक्षणांमध्ये साधारणपणे ‘महिन्यातून दोन-तीन वेळा किंवा त्याहून जास्त’ ही सीमारेषा धरतात. पण ती आकडे गोळा करण्यासाठी आहे, मदत नाकारण्यासाठी नाही. एकदाच दिलेल्या धमकीची भीती रोज वाटत राहते. एकदाच टाकलेला व्हिडिओ शेकडो वेळा पाहिला जातो, आणि प्रत्येक पुढे पाठवणं ही नवी पुनरावृत्ती असते. तिसऱ्या वेळेची वाट पाहू नका.

हे तर मुलांचं भांडण आहे. दोघांना समोरासमोर बसवून मिटवता येणार नाही का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

भांडणात दोन बाजू असतात, दोघांचं काहीतरी चुकलेलं असतं आणि दोघांनाही ते मिटायला हवं असतं. तिथे समेट चालतो. बुलिंगमध्ये एकाला ते मिटायला हवं असतं आणि दुसऱ्याचं ते चालू राहण्यातच भागत असतं. अशा दोघांना एका खोलीत बसवलं की तीन गोष्टी घडतात. त्रास झालेल्या मुलाला, ज्याची त्याला भीती वाटते त्याच्याच समोर बोलावं लागतं, त्यामुळे ते अर्धंच सांगतं किंवा ‘काही नाही, मिटलं’ म्हणून मोकळं होतं. त्रास देणाऱ्याला कळतं की तक्रार कुणी केली आणि त्यात काय काय सांगितलं. आणि ‘दोघांनीही थोडं समजून घ्या’ या वाक्याने निम्मा दोष त्रास झालेल्याच्या माथी येतो. नंतर दारामागे किंवा घरच्या वाटेवर त्याची वसुली होते.

सक्तीचं ‘सॉरी’ आणि हात मिळवणं यांचंही तसंच. मोठ्यांना प्रकरण संपल्याचं समाधान मिळतं, मुलाला मात्र कळून चुकतं की सांगून उपयोग नाही. पुढच्या वेळी ते सांगत नाही.

दोघांची भेट कधीच घडवू नये असं नाही. त्रास थांबून काही आठवडे झाले असतील, त्रास झालेल्या मुलाने स्वतःहून तयारी दाखवली असेल आणि भेट घडवणारी व्यक्ती या कामात प्रशिक्षित असेल, तर ती होऊ शकते. पहिलं पाऊल म्हणून कधीच नाही.

बुलिंगचे प्रकार कोणते?

मारणं, ढकलणं, वस्तू लपवणं किंवा फोडणं, पैसे उकळणं. शिव्या, टोपणनावं, रूप-रंग-बोलणं-अपंगत्व यांवरून हिणवणं. लैंगिक शेरेबाजी आणि नको असलेला स्पर्श. ऑनलाइन छळ. हे प्रकार ओळखायला फारसे कठीण नाहीत.

कठीण आहे तो वाळीत टाकण्याचा प्रकार, कारण त्यात कुणी काही ‘केलेलं’ दिसत नाही. मूल बाकावर येऊन बसलं की बाकीचे उठतात. त्याने बोलायला तोंड उघडलं की एकमेकांकडे बघून शांत होतात. गटकामाला सोबती निवडायची वेळ आली की ते एकटं उरतं. त्याच्याशी बोलणाऱ्याशीही बोलणं बंद होतं. ‘कुणाशी मैत्री करायची हा आमचा प्रश्न आहे’ असं उत्तर मिळतं आणि ते ऐकायला बरोबर वाटतं. फरक असा की मैत्री न करणं ही एकेकाची निवड असते, तर इतरांनाही मैत्री करू न देणं ही मोहीम असते. शिक्षकांना ती मोडता येते. गट आणि बसण्याच्या जागा स्वतः ठरवायच्या, मुलांवर सोडायच्या नाहीत. इतकी साधी गोष्ट केली तरी वाळीत टाकण्याच्या निम्म्या संधी हातातून जातात.

हे कुठे जास्त घडतं?

मोठ्यांची नजर नसते तिथे आणि तेव्हा. स्वच्छतागृह, जिना, मैदानाचा कोपरा, खेळाआधी कपडे बदलण्याची खोली, शाळेची बस, तास संपून पुढचा सुरू होईपर्यंतची पाच मिनिटं. शाळेने मुलांच्या हाती शाळेचा साधा नकाशा द्यावा आणि नावं न लिहिता ‘मला भीती वाटते ती जागा’ लाल रंगाने भरायला सांगावी. शंभर नकाशे एकावर एक ठेवले की देखरेख कुठे कमी पडते ते दिसतं. तिथे मोठं माणूस उभं राहायला हवं, आणि ते मोबाइलमध्ये डोकं घालून नव्हे.

मुलं असं का वागतात? आतून न्यूनगंड असतो म्हणून?

हा समज फार पसरलेला आहे आणि सरसकट खरा नाही. काही मुलं स्वतः घरी मार खातात, किंवा एकीकडे त्रास सोसून दुसरीकडे देतात. त्रास सोसणारी आणि देणारीही असलेली मुलं सगळ्यांत अडचणीत असतात. त्यांना शिक्षेपेक्षा मदतीची गरज जास्त असते. पण त्रास देणाऱ्या बऱ्याच मुलांमध्ये आत्मविश्वासाची कमतरता नसते. त्यांना माणसं ओळखता येतात, कुणाला काय लागेल ते अचूक कळतं, मोठ्यांसमोर ती नम्र असतात. त्यांना वर्गात स्थान हवं असतं आणि कुणाला तरी खाली दाबून ते मिळतं, हे त्यांना अनुभवाने समजलेलं असतं.

म्हणूनच वर्ग किंवा शाळा बदलते, नवे गट जुळत असतात, तेव्हा हे प्रकार वाढतात. कोण वर, कोण खाली हे ठरण्याचा तो काळ असतो. नव्या वर्गाचे पहिले सहा ते आठ आठवडे शिक्षकांनी डोळ्यांत तेल घालून पाहावेत. या काळात बसलेली घडी पुढे वर्षभर टिकते.

‘तू असं केल्यावर त्याला काय वाटलं असेल?’ हा एकच प्रश्न पुरेसा का पडत नाही, तेही यातून कळतं. त्याला काय वाटलं हे त्रास देणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. बदलायला हवा तो त्यातून होणारा फायदा.

मग लक्ष्य कुणाला केलं जातं?

‘वेगळं’ दिसणाऱ्या मुलांना, असं सांगितलं जातं. वजन, बोलण्याची ढब, अपंगत्व, घरची परिस्थिती, मुलगा किंवा मुलगी म्हणून अपेक्षित वागण्यात न बसणं, ही निमित्तं वारंवार दिसतात खरी. पण ती निमित्तंच. चष्मा असलेली दहा मुलं असतात, छळ त्यांतल्या एकाचाच होतो. खरा फरक पडतो तो पाठीशी कुणी आहे की नाही याने. वर्गात एक जरी पक्का मित्र असेल, तर लक्ष्य होण्याचा धोका कमी होतो आणि झालंच तर त्याची इजाही कमी होते.

निमित्त काढून टाकल्याने छळ थांबत नाही. केस कापले, कपडे बदलले, तरी दुसरं निमित्त सापडतं. मुलाला बदलायला सांगू नका.

बाकीची मुलं नुसती बघत का राहतात?

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की बुलिंग हा दोघांचा मामला नसून त्यात जवळपास सगळ्या वर्गाला भूमिका असते. एक सुरुवात करतो. काही हात लावून मदत करतात. काही हसतात, घोळका करून बघतात, व्हिडिओ काढतात. काही बाजूला सरकतात. काही थोडे बचावाला येतात. त्रास देणाऱ्याला खरी मजुरी मिळते ती तिसऱ्या गटाच्या हसण्यातून.

कॅनडात डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि सहकाऱ्यांनी शाळेच्या मैदानांवर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर मायक्रोफोन लावून प्रत्यक्ष घटना टिपल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांनुसार १०० पैकी ८८ घटनांमध्ये इतर मुलं हजर होती, पण कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ घटनांमध्ये. आणि जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला.

मग मुलं पुढे का होत नाहीत? उद्या आपली पाळी येईल ही भीती असतेच. त्याहून वेगळं कारण असं की प्रत्येकाला आतून ते आवडत नसतं, पण बाकीचे गप्प आहेत म्हणजे त्यांना चालतंय असं प्रत्येकाला वाटतं. सगळेच एकमेकांच्या गप्प बसण्याचा चुकीचा अर्थ लावतात. वर्गात निनावी चिठ्ठ्यांवर ‘कुणाला त्रास दिला जातो तेव्हा तुला काय वाटतं?’ हे विचारून उत्तरांची बेरीज फळ्यावर लिहिली, तर हा गैरसमज तिथल्या तिथे उघडा पडतो.

बघणाऱ्या मुलाने नेमकं काय करावं?

अंगावर धावून जाण्याची गरज नाही. मारामारी चालू असेल तर मध्ये पडूच नये, मोठ्यांना बोलवावं. इतर वेळी कमी धोक्याची चार कामं करता येतात. हसू नये आणि तिथून निघून जावं, प्रेक्षक कमी झाले की खेळ फिका पडतो. त्रास होणाऱ्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर न्यावं : ‘चल, तुला बाईंनी बोलावलंय.’ नंतर एकट्यात जाऊन ‘मी पाहिलं, ते चूक होतं’ एवढं सांगावं. आणि भरवशाच्या मोठ्या माणसाला कळवावं. यांतलं तिसरं काम मोठ्यांना क्षुल्लक वाटतं. सोसणाऱ्याला ते तसं वाटत नाही. ‘सगळे माझ्या विरोधात आहेत’ ही समजूत त्या एका वाक्याने मोडते.

चहाडी आणि मदत मागणं यांतला फरक मुलांना लहानपणीच सांगावा : कुणाला अडकवण्यासाठी सांगितलं तर चहाडी, कुणाला सोडवण्यासाठी सांगितलं तर मदत.

मूल काहीच सांगत नाही. ओळखायचं कसं?

एकेका खुणेवरून नाही, बदलावरून. शाळेच्या आदल्या रात्री पोट किंवा डोकं दुखतं आणि सुट्टीत दुखत नाही. नेहमीची वाट सोडून लांबची वाट धरली जाते. घरी आल्या आल्या स्वच्छतागृहात धाव, कारण शाळेत तिथे जायची भीती. प्रचंड भूक, कारण डबा हिसकावला गेला. वस्तू ‘हरवतात’, कपडे ‘पडून’ फाटतात. मोबाइल वाजला की चेहरा उतरतो. जुन्या मित्रांची नावं बोलण्यातून गायब होतात.

‘कुणी त्रास देतं का?’ असं थेट विचारलं की बहुतेक वेळा ‘नाही’ येतं. त्यापेक्षा ‘मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असतोस?’, ‘बसमध्ये कुठे बसतेस?’, ‘वर्गात सगळ्यांत जास्त कुणाला सोसावं लागतं?’ असे प्रश्न विचारा. समोरासमोर बसवून नको. भाजी निवडताना, प्रवासात, दिवे मालवल्यावर, जिथे डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही तिथे मुलं बोलतात.

मुलाने सांगितलं. आता पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

ऐका. मध्ये तोडू नका. संताप आवरा, कारण तुमचा संताप पाहून मुलाला वाटतं की आपण घरात नवंच संकट आणलं. तीन वाक्यं पुरतात : ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही. यातून आपण दोघं मिळून मार्ग काढू.’

‘तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न त्या दिवशी विचारू नका. ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, ते पाळता येणार नाही. त्याऐवजी सांगा, ‘तुला न विचारता मी काही करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावंच लागेल.’ मग विचारा, ‘उद्याचा दिवस सुरक्षित जाण्यासाठी काय लागेल?’ उत्तर बहुतेक वेळा लहान असतं : बस नको, कुणीतरी न्यायला या, जागा बदलून द्या. ते आधी करा.

त्रास देणाऱ्याच्या घरी तडक जाऊ नका, त्याच्या आईवडिलांना रात्री फोन करू नका. आपल्या मुलाचा बचाव ही त्यांची पहिली प्रतिक्रिया असते. मग मुलांचा प्रश्न दोन घरांचं भांडण होऊन बसतो आणि त्यातून मागे यायला वाट राहत नाही.

‘दुर्लक्ष कर’ किंवा ‘तूही दे ठेवून’ हे सल्ले का नकोत?

दुर्लक्ष करायला सांगितलं की मूल ऐकतं ते असं : ‘हे तुझं तूच सोस.’ शिवाय प्रतिक्रिया मिळेनाशी झाली की काही काळ त्रास वाढवून पाहिला जातो, आणि नेमक्या त्या टप्प्यावर मूल एकटं असतं.

‘दे ठेवून’ यात गोची ताकदीच्या फरकाची आहे. बरोबरीची ताकद असती तर ते बुलिंग झालंच नसतं. मूल हरलं तर छळ वाढतो. जिंकलं तरी शिक्षकांना दिसतो तो शेवटचा ठोसा, आणि कारवाई त्याच्यावर होते.

शिकवण्यासारखं आहे ते हे : ताठ उभं राहून, सपाट आवाजात, एक छोटं वाक्य. ‘बंद कर.’ आणि लगेच माणसं असतील तिकडे चालू लागायचं. आरशासमोर किंवा घरातल्या कुणासमोर दहा-बारा वेळा सराव करून घ्या. ऐन वेळी नवं वाक्य सुचत नाही, घोकलेलं तोंडात येतं. मात्र छळ थांबवणं ही मुलाची जबाबदारी नाही, हे सरावाच्या वेळीही सांगा.

नोंद कशी ठेवायची?

एक वही करा. प्रत्येक घटनेला तारीख, वेळ, जागा, कुणी काय केलं, नेमके शब्द काय वापरले, कोण हजर होतं, कुणाला सांगितलं आणि त्यांनी काय केलं. शब्द जसेच्या तसे लिहा, शिव्यासुद्धा. ‘वाईट बोलला’ या नोंदीचा उपयोग होत नाही. इजा झाली असेल तर त्याच दिवशी फोटो काढा आणि डॉक्टरांच्या कागदांची प्रत ठेवा. मत वेगळं, घटना वेगळी : ‘तो मुद्दाम करतो’ हे मत, ‘सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी एकाच जिन्यावर ढकललं’ ही घटना. दुसऱ्या वाक्यातून पहिलं आपोआप सिद्ध होतं.

शाळेशी कसं बोलायचं?

वर्गशिक्षकांपासून सुरुवात करा आणि भेटीची वेळ मागून घ्या. शाळा सुटताना फाटकापाशी घाईत सांगितलेली तक्रार विसरली जाते. नोंदवहीची प्रत न्या. ‘त्याला काढून टाका’ ही मागणी घेऊन गेलात तर सगळं बोलणं त्या एका मुद्द्यावर अडकतं. त्याऐवजी विचारा : उद्यापासून माझ्या मुलाची सुरक्षितता कोण, कुठे, कशी बघणार? चौकशी कोण करणार आणि किती दिवसांत? आपण पुन्हा कोणत्या तारखेला भेटायचं?

घरी आल्यावर त्याच दिवशी, जे ठरलं ते चार ओळींत लिहून शाळेला पाठवा. तोंडी बोलण्याला पुरावा नसतो, या चार ओळींना असतो. ठरलेल्या तारखेपर्यंत काही हललं नाही तर मुख्याध्यापक, त्यानंतर संस्थाचालक, त्यानंतर शिक्षण खातं, अशा क्रमाने लेखी जा. मारहाण, लैंगिक त्रास, खंडणी किंवा जिवाची धमकी असेल तर हा क्रम पाळत बसू नका, पोलिसांकडे जा.

दुसऱ्या मुलाला काय शिक्षा झाली हे शाळा कदाचित सांगणार नाही, त्याचंही खासगीपण असतं. तुमच्या मुलासाठी काय केलं हे मात्र सांगायलाच हवं.

शाळेने चौकशी कशी करावी?

त्रास झालेल्या मुलाशी आधी, एकट्यात आणि शांत जागी बोला. तास चालू असताना सगळ्यांसमोर नाव पुकारून बोलावू नका. मग पाहणाऱ्यांशी एकेकट्याने बोला. त्रास देणाऱ्यांशी सगळ्यांत शेवटी, एकामागून एक आणि एकाच दिवशी, म्हणजे जबाब जुळवायला वेळ मिळत नाही. गटाला एकत्र बोलावणं ही नेहमीची चूक आहे. एकत्र असताना गट स्वतःला सावरून घेतो.

बोलताना ‘का केलंस?’ विचारलं की सबबी सुरू होतात. ‘आम्हाला काय घडलं ते समजलं आहे, ते इथे चालणार नाही, आता तू काय करणार आहेस ते सांग’ असं म्हणा. उत्तर ठोस हवं. ‘चांगलं वागेन’ हे उत्तर नव्हे. ‘त्या नावाने हाक मारणार नाही आणि ग्रुपवरचा फोटो आत्ता काढतो’ हे उत्तर. तक्रार कुणी केली ते सांगू नका आणि बदला घेतला तर ती स्वतंत्र, अधिक गंभीर चूक धरली जाईल हे स्पष्ट करा.

यानंतरचं काम बहुतेक शाळा विसरतात. त्रास झालेल्या मुलाला तीन दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि दोन महिन्यांनी पुन्हा एकट्यात विचारा. थांबल्यासारखा दिसणारा छळ बऱ्याचदा जागा बदलून चालू राहतो.

एका व्याख्यानाने किंवा कडक नियमाने फरक पडतो का?

एका व्याख्यानाने नाही, भिंतीवरच्या पोस्टरनेही नाही. ‘पहिल्याच चुकीला हकालपट्टी’ हा नियम ऐकायला जोरकस असतो, पण शिक्षा इतकी मोठी असली की मुलं नाव सांगायला कचरतात आणि शिक्षक नोंद करायला. तक्रारी कमी होतात, त्रास कमी होत नाही.

फरक पडतो तो संपूर्ण शाळेने सातत्याने केलेल्या कामाने. मारिया टोफी आणि डेव्हिड फॅरिंग्टन यांनी २०११ मध्ये अनेक देशांतल्या कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्रास देण्याचं प्रमाण सरासरी २० ते २३ टक्क्यांनी आणि त्रास सोसण्याचं १७ ते २० टक्क्यांनी घटल्याचं त्यांना दिसलं. पालकांचा सहभाग, मैदानावरची चांगली देखरेख आणि दीर्घ मुदत, या गोष्टी चांगल्या परिणामांसोबत आढळल्या. फिनलंडने २००९ पासून देशभर राबवलेला ‘किवा’ कार्यक्रम बघणाऱ्या मुलांवरच भर देतो. घट पाचव्या भागाइतकीच का, असं वाटेल. हजार मुलांच्या शाळेत ती डझनावारी मुलं असतात.

माझंच मूल इतरांना त्रास देतं असं कळलं. आता?

‘माझं मूल असं करणारच नाही’ हे वाक्य गिळा. शाळेने काय पाहिलं ते पूर्ण ऐका. घरी शांतपणे सांगा, ‘तू मला हवाच आहेस. तुझं हे वागणं मला चालणार नाही.’ दोन्ही वाक्यं हवीत, एक पुरत नाही.

मारू नका. ज्याच्या हातात ताकद त्याने दुसऱ्याला दुखवायचं, हाच धडा त्यातून पक्का होतो. परिणाम चुकीशी जोडलेला असू द्या : फोडलेली वस्तू स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून भरून द्यायची, ग्रुप चालवून छळ केला असेल तर तो ग्रुप काही काळ बंद. मग घरातलं बोलणं तपासा. जेवताना कुणाच्या रूपावर, गरिबीवर, बोलण्यावर हसलं जातं का? मुलं भाषा तिथून उचलतात. आणि या मुलाला मानाने मिळवता येईल असं स्थान शोधून द्या. लहानांना खेळ शिकवणं, कार्यक्रमाची जबाबदारी घेणं. माणसं जमवण्याची हातोटी त्याच्याकडे असतेच, ती दुसरीकडे वळवायची.

ऑनलाइन छळ झाला तर आधी काय करावं?

क्रम महत्त्वाचा. आधी पुरावा : स्क्रीनशॉटमध्ये मजकुराबरोबर खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसू द्या आणि पोस्टची लिंक वेगळी जपून ठेवा. मग त्या अ‍ॅपवर तक्रार. ब्लॉक सगळ्यांत शेवटी, कारण ब्लॉक केल्यावर किंवा चॅट पुसल्यावर पुरावा हातून जातो. उलट उत्तर देऊ नका, तुमच्या उत्तराचाही स्क्रीनशॉट निघतो.

मुलाचा मोबाइल काढून घेऊ नका. त्रास दुसऱ्याने दिला आणि फोन याचा गेला, हे एकदा झालं की मूल पुन्हा काही सांगत नाही. बऱ्याच मुलांचं गप्प राहण्याचं कारण हेच असतं.

खासगी किंवा नग्न फोटो पसरवला किंवा पसरवण्याची धमकी दिली, तर गोष्ट वेगळी. असा फोटो पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नका. अल्पवयीन मुलांची अशी चित्रं बाळगणं आणि पाठवणं हाच अनेक देशांत गुन्हा आहे. धमकीचे मेसेज आणि खात्याचं नाव जपा, पोलिसांना कळवा. पैसे देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढते. अठरा वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तीत मूळ फोटो कुठेही द्यावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्याचा अंकी ठसा, म्हणजे फोटो ओळखण्यापुरता संकेत, तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून फोटो शोधून हटवतात. मुलाला ओरडू नका, ‘फोटो काढलासच का’ हा प्रश्न त्या क्षणी जीवघेणा ठरू शकतो.

छळाचा परिणाम किती काळ राहतो? मूल टोकाचं पाऊल उचलेल अशी भीती वाटते.

ब्रिटनमध्ये १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पुढे आयुष्यभर मागोवा घेतला गेला. सात आणि अकराव्या वर्षी छळ सोसलेल्यांमध्ये पन्नाशीतही नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं. याचा अर्थ प्रत्येक मूल कोलमडतं असा नाही. वेळेवर थांबलेला छळ आणि पाठीशी उभं राहिलेलं घर यांनी बरंच सावरतं. पण ‘मोठं झाल्यावर विसरेल’ यावर विसंबू नका.

मूल ‘मी नसलो तर बरं’ असं बोलत असेल, आवडत्या वस्तू वाटून टाकत असेल, झोप-जेवण पार बिघडलं असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर सरळ विचारा : ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल किंवा शंका असेल, तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, कीटकनाशकं आणि धोक्याच्या वस्तू कुलपात टाका, आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ किंवा रुग्णालय गाठा.

मी शाळेत आहे आणि हे माझ्यासोबत चालू आहे. मी काय करू?

तुझ्यात काही बिघाड आहे म्हणून हे होत नाहीये. आज एका मोठ्या माणसाला सांग. तोंडाने जमत नसेल तर चिठ्ठी लिहून दे : काय होतं, कोण करतं, कधीपासून, आणि तुला कशाची भीती वाटते. पहिल्या माणसाने मनावर घेतलं नाही तर दुसऱ्याला सांग, मग तिसऱ्याला. असं होतं कधीकधी, आणि तो दोष सांगणाऱ्याचा नसतो. तोवर एकट्याने जाण्याच्या जागा टाळ, मेसेज पुसू नकोस, आणि ज्या एका-दोघांबरोबर बरं वाटतं त्यांच्याजवळ राहा. ती शाळेबाहेरची असली तरी चालतील.

शिक्षकच मुलाला हिणवत असतील तर?

मग वर्गालाही परवानगी मिळाल्यासारखं होतं आणि मुलं तेच शब्द उचलतात. नोंद तशीच ठेवा, पण तक्रार वर्गशिक्षकांकडे नव्हे, थेट मुख्याध्यापकांकडे लेखी करा. इतर पालकांनी तेच पाहिलं असेल तर सोबत जा.

शाळा बदलावी का?

शाळेला लेखी सांगून, ठरलेल्या तारखा उलटूनही छळ चालू असेल, किंवा मूल पाऊल टाकायलाही तयार नसेल, तर बदलणं शहाणपणाचं. त्याला पळ काढणं म्हणू नका. मात्र घाईने बदललेली शाळा कधीकधी उलटते. मूल खचलेल्या अवस्थेतच नव्या वर्गात जातं, तिथे कुणी ओळखीचं नसतं आणि जुना ऑनलाइन ग्रुप मागोमाग येतो. म्हणून बदलण्याआधी मुलाचं मत घ्या, नव्या शाळेच्या समुपदेशकाला मागची हकीकत सांगा, जुने ग्रुप आणि खात्यांच्या सेटिंग आवरून घ्या. शक्य असेल तर शाळा सुरू होण्याआधीच नव्या वर्गातल्या एक-दोन मुलांशी गाठ घालून द्या. पहिल्या दिवशी डबा कुणासोबत खायचा हे आधी माहीत असलं, की निम्मं दडपण उतरतं.